टीम ‘अजिक्य’चा कॅप्टन

सोमवार, ६ जानेवारी, दुपारी १२.१०

आजपासून रोजनिशी. पुढे माझ्याविषयी माहिती गोळा करणाऱ्यांची धावपळ नको.

कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लागलीय. विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षा कौशल्य आव्हान. सहा आठवडे, दर सोमवारी नवी कोडी. तिघांची टीम. पहिल्या दहा टीम अंतिम फेरीला. तिथून तिघांना निवडून आयोजकांच्या लॅबमध्ये सहा महिने कामाचं शिक्षण.

तिघं म्हणजे मी आणि आणखी कोणी दोघं.

बाबांना सांगितलं. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. ते एका काचेवर फुंकर मारत होते. म्हणाले, बरं, नाही जमलं तर एप्रिलपासून काउंटरवर बसायचं. मी म्हटलं, ठरलं. एवढ्या बेसावध माणसाशी पैज लावताना जरा वाईटच वाटलं.

तिसऱ्या वर्षाला मी दुसऱ्यांदा बसलोय, हे इथे नोंदवायची गरज नाही. पाया पक्का करतोय.

मंगळवार, ७ जानेवारी

टीम जमवायला निघालो. हुशार म्हणून नाव असलेल्या चौघांना संधी देऊ केली. पहिला म्हणाला, टीम झालीय. दुसरा म्हणाला, टीम झालीय. तिसरी म्हणाली, अजून झाली नाही, पण झालीय. चौथा मला बघून जिना चढून वर गेला. वर नुसती गच्ची, तिला कुलूप. दहा मिनिटं खाली थांबलो. उतरला नाही.

मत्सर. दुसरं काही नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

टीम पूर्ण.

मावशी. आईची थोरली बहीण, वय एकसष्ट. चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफं वाचली. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून आमच्याच कॉलेजात संध्याकाळच्या कॉम्प्युटर कोर्सला नाव घातलं. म्हणजे नियमाने विद्यार्थिनी. तिला म्हटलं, तुला काही करायचं नाहीये, फक्त नाव लागतंय. म्हणाली, हरकत नाही, तरी पण नियमांचा कागद दे, वाचते. दिला. सगळ्यांच्या वतीने एकाने वाचलं की झालं.

दुसरी, वर्गातली मौनी. हे नाव वर्गाने ठेवलं. दोन वर्षांत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणण्यापलीकडे तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. टीममध्ये येतेस का, विचारलं. तिने मान हलवली. हो की नाही ते नीट कळलं नाही. हो धरलं.

कॅप्टन मी. मतदान घेतलं नाही, उगाच कोणाला अवघडल्यासारखं व्हायचं.

शुक्रवार, १० जानेवारी

नोंदणी केली. टीमचं नाव ‘अजिंक्य’. घाईत अनुस्वार राहिला. स्कोअरबोर्डवर ‘अजिक्य’ असं दिसतंय आणि आता बदलता येत नाही. मावशीने स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि पाणी मागितलं.

मी म्हटलं, एका टिंबाने काय होतंय. ती म्हणाली, छापखान्यात असं म्हणणाऱ्याला आम्ही गोदामात पाठवायचो.

सोमवार, १३ जानेवारी, दुपारी ४

पहिला आठवडा. कोडं अगदीच बालिश. सहा ईमेल दिल्यात, त्यातल्या खोट्या ओळखा. असल्या फुटकळ कामात कॅप्टनने लक्ष घालू नये. मावशीकडे सोपवलं आणि मी लॅपटॉपची रंगसंगती ठरवायला घेतली. काळ्यावर हिरवी अक्षरं. दोन तास लागले. नीट वाचता येत नाही, पण दरारा वाटतो.

मावशीने अकरा मिनिटांत तीन खोट्या काढल्या. कशावरून, विचारलं. म्हणाली, एकीत बँक लिहिते ‘आपले खाते बंध होईल’. बँक खातं बंद करते रे, बांधून नाही ठेवत. दुसरीत पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं घुसलंय. तिसरीत एकही चूक नाही, पण खऱ्या साहेबाला एवढी घाई कधी असते का?

मला हे ठाऊकच होतं. तिला सराव व्हावा म्हणून थांबलो होतो.

बुधवार, १५ जानेवारी

काळी हूडी घेतली. पंख्याखाली बसून टोपी घातली की कानात गरम होतं, पण एकाग्रता वाढते. आईने विचारलं, ताप आलाय का.

गुरुवार, २३ जानेवारी

दुसरा आठवडा. एका फोटोत निरोप लपवलाय, तो शोधा. फोटोत एक दीपगृह आणि समुद्र. हे मी स्वतः घेतलं. दीपगृहाला सात खिडक्या आहेत. ‘सात’ टाकलं, चूक. ‘समुद्र’, चूक. ‘दीप’, चूक. मग जरा चिडून बारा-पंधरा शब्द टाकले.

पाच चुकांनंतर गुण कापतात म्हणे. मावशी म्हणाली, नियम सातवा. मी म्हटलं, मला सांगायचंस ना. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी कागदावर खूण करून तुझ्या टेबलावर ठेवला होता. मिळाला तो कागद, चहाच्या कपाखाली.

मौनीने फोटोची फाइल निराळ्याच प्रोग्रॅममध्ये उघडली, खालपर्यंत गेली आणि निरोप बाहेर काढला. एक शब्द बोलली नाही. मी तिची पाठ थोपटणार होतो, पण ती खुर्ची सरकवून उठली.

टीम एक्केचाळिसावी. दबा धरून बसलोय.

मंगळवार, २८ जानेवारी, सकाळी ११

तिसरा आठवडा, पासवर्ड मजबूत कसा करावा. इथे आपला हात कोणी धरत नाही. टीमच्या खात्याचा पासवर्ड बदलून सव्वीस अक्षरांचा केला. अक्षरं, आकडे, चिन्हं, उलटा, सुलटा. जगातला कुठलाही हॅकर फोडू शकणार नाही.

संध्या. ६. मलाही उघडता येत नाहीये.

बुधवार, २९ जानेवारी

आयोजकांच्या मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मॅडम फार शांत होत्या. आज असे किती फोन आले, विचारलं. म्हणाल्या, तुमचाच. नवा पासवर्ड करून दिला. तोही सव्वीस अक्षरांचा केला, माघार नाही. फक्त या वेळी पिवळ्या चिठ्ठीवर ठळक मार्करने लिहून कॉलेजच्या लॅबमधल्या आमच्या मॉनिटरवर चिकटवला. टीममध्ये पारदर्शकता हवी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पिवळ्या चिठ्ठीचा गोंद भिकार आहे. दोनदा पडली, तीही थेट कचऱ्याच्या डब्यात. आता चारी बाजूंनी टेप लावली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चौथ्या आठवड्याचं कोडं म्हणजे एका काल्पनिक कंपनीच्या कॉम्प्युटरची नोंदवही. कोण कधी आत आलं, कोण कधी बाहेर गेलं, अशा नऊ हजार ओळी. त्यातून घुसखोर शोधायचा. मी जाहीर केलं की हे माणसाचं काम नाही, यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहीन. तीन दिवस लिहितोय. प्रोग्रॅम ‘नमस्कार’ म्हणतो आणि बंद पडतो.

मावशीने नऊ हजार ओळी कागदावर छापून घेतल्या. लॅबच्या कोपऱ्यात बसली, लाकडी पट्टी ओळीखाली धरून एकेक ओळ वाचत. मौनी शेजारी. ती संशयाच्या वेळा कॉम्प्युटरवर गाळून द्यायची, मावशी तेवढी पानं आधी वाचायची. दोघी मध्येच हसत होत्या. मौनी हसते! दाताला क्लिप आहे, आज कळलं.

तिसऱ्या दिवशी मावशीची पट्टी थांबली. एका कर्मचाऱ्याच्या नावात इंग्रजी ओच्या जागी शून्य होतं. तो घुसखोर.

टीम नवव्या नंबरवर! नेतृत्व म्हणतात ते हेच. योग्य माणसांना एका कोपऱ्यात बसू द्यायचं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पाचवा आठवडा पण सोडवला. (सोडवला गेला.) सातवा नंबर.

कॉलेजच्या पानासाठी माझा फोटो काढला. हूडी, हाताची घडी, पाठीमागे आमचा मॉनिटर, नजर दूर कुठेतरी. दोघींना विचारलं होतं, फोटोत येता का. मावशी म्हणाली, ‘अजिक्य’च्या शेजारी मी उभी राहणार नाही. मौनीने मॉनिटरकडे बोट दाखवलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण फोटोग्राफर म्हणाला, हलू नका.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा लाइक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बाबांनी तो फोटो मोठा करून, फ्रेम करून दुकानात लावलाय, डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी. मला काही बोलले नाहीत. आई म्हणाली, गिऱ्हाईक आलं की सांगतात, हा आमचा. पैज हरायची तयारी अशी दिलदारपणे करणारा माणूस विरळाच.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, दुपारी १

घात.

आयोजकांची ईमेल आली (खरी आहे, मावशीकडून तपासून घेतली). या स्पर्धेत प्रत्येक टीमला निराळं उत्तर असतं. कोडं तेच, पण सापडणारा शब्द वेगळा. आणि काल चार टीमनी आमचे शब्द जसेच्या तसे टाकलेत. याचा अर्थ आम्ही ते वाटले. दहा दिवसांत खुलासा द्या, तोपर्यंत ‘अजिक्य’ स्पर्धेबाहेर.

कोणीतरी फितूर झालंय. तिघांतलं. मी नाही. मावशी माझी मावशी आहे. उरलं कोण?

मंगळवार, १८ फेब्रुवारी, संध्या. ५

लॅबमध्ये मौनीला सरळ विचारलं. सगळे होते तिथे. असू देत, कॅप्टनने निर्भीड असावं. म्हटलं, कोणाला दिलेस शब्द? कशाच्या बदल्यात? गप्प राहून राहून माणूस काय काय शिजवतो ते आज कळलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मॉनिटरकडे. मग वही, पेन, पाण्याची बाटली एकेक करून पिशवीत भरली आणि गेली. खुलासा नाही, काही नाही. यातच सगळं आलं.

मावशी म्हणाली, तुझ्याजवळ पुरावा आहे? मी म्हटलं, तिचं गप्प बसणं हाच पुरावा. मावशी म्हणाली, चौतीस वर्षांत मी हजारो चुका पकडल्या. चूक सापडायच्या आधी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला कधी चोर म्हटलं नाही. आणि तीही गेली. चष्म्याचं घर विसरून.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तपास चालू आहे. संशयितांचा तक्ता केला. एकच नाव असल्याने तक्ता लहान झाला.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. एकांतात काम चांगलं होतं. आज झालं नाही, उद्या होईल.

शनिवार, २२ फेब्रुवारी, दुपारी २

मावशीचं चष्म्याचं घर द्यायला दुकानात गेलो. ती काडी घट्ट करून घ्यायला आली होती. माझ्याशी बोलत नव्हती. बाबा एका निवृत्त पोस्टमास्तरांचे डोळे तपासत होते. बाबा म्हणाले, समोर बघा आणि दिसतील ती अक्षरं वाचा.

पोस्टमास्तर वाचायला लागले. मोठा के, लहान टी, नऊ, डॉलरची खूण, लहान झेड, परत नऊ...

बाबा म्हणाले, अहो, तक्त्यात आकडे नाहीत. पोस्टमास्तर म्हणाले, तक्ता कुठे वाचतोय, त्या पोराच्या खांद्यामागची पिवळी चिठ्ठी वाचतोय, तेवढीच तर स्पष्ट दिसतेय.

मावशी उठली. फ्रेमसमोर उभी राहिली. बोट न लावता, अक्षर न् अक्षर, सव्वीसच्या सव्वीस वाचली. मग माझ्याकडे वळली.

बाबांनी चष्मा काढला, फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, मला तर चष्म्याशिवाय वाचता येतंय.

कॉलेजच्या पानावर हा फोटो अकरा दिवस आहे. दोनशे बारा लाइक. त्यातले निदान चौघं बारकाईने बघणारे.

पोस्टमास्तर विचारत होते, माझा नंबर वाढलाय का.

रविवार, २३ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. दोष कोणाचा, हे इतकं सरळ नाही. फोटोग्राफरने मागचं धूसर करायला हवं होतं. आयोजकांनी एवढा लांब पासवर्ड चालवून घ्यायलाच नको होता. मार्कर गरजेपेक्षा जाड होता. कॉलेजने फोटो टाकण्याआधी तपासायचा. टेप फार चांगली निघाली.

मौनीला फोन करणार होतो. रविवार आहे, कशाला त्रास द्या.

सोमवार, २४ फेब्रुवारी

खुलासा लिहिला. दोन पानं. ‘काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे आणि छायाचित्रणातील अनवधानामुळे टीमच्या गोपनीयतेस किंचित बाधा पोहोचली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ वाक्य छान जमलंय. मावशीकडे घेऊन गेलो, शुद्धलेखन बघ म्हणून.

तिने लाल पेन घेतलं. ‘अपरिहार्य’ खोडलं. ‘तांत्रिक’ खोडलं. ‘किंचित’ खोडलं. ‘शक्यता’ खोडली. मी म्हटलं, अगं, शुद्धलेखन बघ म्हटलं होतं. ती म्हणाली, तेच बघतेय. पहिलं पान सबंध गेलं. दुसऱ्यावर उभी रेघ मारली. शेवटी दोन पानांतून तीन शब्द उरले, तेही मी दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलेले, ‘चूक त्याची आहे’. त्यातलं ‘त्याची’ खोडून तिने वर ‘माझी’ लिहिलं.

म्हणाली, मी आणि ती मुलगी पाच आठवडे राबलोय. तिला कामाची गरज तुझ्याहून जास्त आहे. तिच्या घरी दुकान नाही. आता हे पाठवायचं की नाही, ते कॅप्टनने ठरवावं.

तासभर बसलो. चहा आला, गार झाला. तिने एकदाही घाई केली नाही.

पाठवलं. खाली लिहिलं, चिठ्ठी मी लावली, फोटो मी टाकायला लावला, बाकी दोघींचा संबंध नाही. मावशीने वाचलं. एकही खूण केली नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

निर्णय आला. चोरी करणाऱ्या चारही टीम बाद. ‘अजिक्य’ स्पर्धेत परत, सहाव्या आठवड्याची कोडी सोडवायला दोन दिवस. टीम दोघींची. कॅप्टन बाद.

मदत केंद्राच्या त्या शांत मॅडमनी फोन केला. म्हणाल्या, खुलासे बरेच येतात, इतका छोटा पहिल्यांदाच आला. मग विचारलं, तो फोटो आम्ही शिकवताना दाखवला तर चालेल का, चेहरा झाकून. मी होकार दिला. नाही म्हटलं तरी, लॅबमध्ये माझा प्रवेश झालाच.

शनिवार, १ मार्च, सकाळी १०

मौनीकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, खाली टायर पंक्चरचं काम चालतं. दार तिनेच उघडलं. मी पाठ करून गेलो होतो, तीन परिच्छेद. दारात आठवलं ते एवढंच, की चुकलो, सगळ्यांसमोर बोललो ते खोटं होतं, सोमवारी सगळ्यांसमोर परत सांगतो.

तिने दार पूर्ण उघडलं. मग बोलली. आवाज जरा घोगरा आहे. म्हणाली, ती चिठ्ठी मी दोनदा काढून डब्यात टाकली होती. तू दोनदा परत लावलीस.

मी म्हटलं, तोंडाने सांगायचंस ना.

ती म्हणाली, टीममध्ये आल्यापासून तू मला एकदा तरी काही विचारलंस का?

आठवून पाहिलं. ‘येतेस का’ विचारलं होतं. उत्तर मीच धरलं होतं.

सोमवार, ३ मार्च

लॅबमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. गच्चीकडे पळालेला पहिल्या रांगेत होता. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

दोघी दहाव्या नंबरने अंतिम फेरीत.

शनिवार, ८ मार्च

अंतिम फेरी आयोजकांच्या इमारतीत. आत फक्त स्पर्धक. मी बाहेरच्या बाकावर, मावशीची पिशवी आणि मौनीची पाण्याची बाटली सांभाळत. चार तास. शिपायाने विचारलं, कोणाबरोबर आलात. मी म्हटलं, टीमबरोबर. तो म्हणाला, पाहुण्यांचा बिल्ला लावा.

तिसऱ्या आल्या. सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी मौनीची निवड झाली. मावशीलाही विचारलं, ती म्हणाली, सहा महिने नको, रविवारी शिकवायला येईन. मौनी बाहेर आली आणि इतकी बोलत होती की मावशीने तिला मध्येच श्वास घ्यायला लावला.

मी टाळ्या वाजवल्या. बिल्ला शर्टाला अडकून खडखडत होता. खरंच आनंद झाला. हे लिहिताना आधी ‘काहीसा’ लिहिलं होतं, खोडलं.

रविवार, १६ मार्च

मॅडमनी सुचवल्यावरून आयोजकांच्या रविवारच्या प्राथमिक वर्गाला नाव घातलं. प्रौढांची तुकडी ऑगस्टमध्ये. तोपर्यंत कशाला थांबायचं म्हणून आहे त्या तुकडीत बसलो. वयोगट दहा ते चौदा. बाकाखाली गुडघे मावत नाहीत, एक पाय बाहेर ठेवला.

शिकवायला मावशी. मदतीला मौनी. पहिल्याच स्लाइडवर मी, चेहऱ्यावर काळी पट्टी. वर्ग पोट धरून हसला. मीही हसलो, कोणाला संशय नको.

मग लेखी काम, पाच ईमेलपैकी खऱ्या किती, खोट्या किती. चौथीपाशी जरा अडलो. शेजारी अकरा वर्षांची एक मुलगी दोन वेण्या घालून भराभर लिहीत होती. नुसता अंदाज घ्यावा म्हणून मान किंचित वळवली.

तिने वहीवर हात आडवा ठेवला, आणखी थोडी पलीकडे सरकली आणि हळूच म्हणाली, आपापलं लिहायचं असतं, काका.